पिवळी कळ

शेवटचे पान पुन्हा कोरे होते.

सकाळचे सात वाजले होते. स्नानसंध्या आटोपून मी बैठकीवर बसलो होतो. उजव्या हाताला चौरंगावर पोथी उघडून ठेवली होती. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर, जेथे आदल्या संध्याकाळी मी अठरा ओळी लिहून ठेवल्या होत्या, तेथे एक उभी रेघ तेवढी लुकलुकत होती. आधीची साठ पाने जागच्या जागी होती. गेले होते ते फक्त कालचे.

"सिंधू," मी पत्नीला हाक मारली, "काल दिवसभर मी लिहीत होतो ना?"

ती फुलांची परडी घेऊन दारात आली. "तुमचा तो खटखट्या पाच वाजेपर्यंत वाजत होता. न लिहिता वाजेल का मेला?"

"पण मी काय लिहीत होतो?"

"ते मला काय ठाऊक? तुमचं तुम्हाला माहीत." ती वळली, आणि दोन पावलांवर थांबली. "असं का विचारता?"

 ती विचारत होती त्याचे उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होते आणि ते आमच्या घरात एकदा येऊन गेले होते. माझे थोरले बंधू, ज्यांना सगळे देवरुख दादाशास्त्री म्हणे, चाळीस वर्षे व्याकरण शिकवीत होते. अखेरच्या वर्षी ते मला दिवसातून तीनदा विचारीत, "आपण कोठले?" मी सांगे. ते आदराने मान हलवीत आणि पाण्याचा पेला पुढे करीत, पाहुण्याला करतात तसा. त्यांची सुरुवात अशीच झाली होती. लिहिलेले पत्र लिहिले नाही म्हणायचे, आणि न लिहिलेले टपालात टाकले म्हणून सांगायचे.

कोऱ्या पानांच्या या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. मला तेव्हा शहात्तरावे चालू होते. ज्योतिषाच्या एका ग्रंथावरील टीकेची एकशे बारा पानांची पोथी माझ्याकडे नकलेसाठी आली होती. दुसरी प्रत कोठे असल्याचे मला ठाऊक नव्हते. ती केळशीच्या एका घराण्याची होती आणि मकरसंक्रांतीला परत करायची, असा शब्द मी दिला होता. माझे गुरुजी त्र्यंबकशास्त्री धुपकर यांनी या पोथीचा नुसता उल्लेख ऐकला होता. ती पाहायला मिळावी म्हणून ते दोनदा केळशीस जाऊन रिकाम्या हाताने परतले होते. ती माझ्या चौरंगावर यावी आणि तिच्यासाठी माझे डोके शाबूत नसावे, याहून मोठी शिक्षा मला कल्पिता येत नव्हती.

डोक्याआधी हात गेले होते. संधिवाताने बोटे आखडली. टाक धरला की चौथ्या ओळीला अक्षर मोडे. लॅपटॉपच्या अंगच्या कळा इतक्या सपाट की माझ्या बधिर बोटांना एक संपून दुसरी कोठे सुरू झाली ते समजत नसे. वैजयंतीने हे पाहिले आणि दसऱ्याला येताना एक कळफलक घेऊन आली.

वैजयंती पाष्टे ही आमच्या गावच्या पोस्टमास्तरांची मुलगी. पाचवीत असल्यापासून माझ्या पडवीत बसून संस्कृत शिकली, पुढे अभियंता होऊन पुण्यास गेली. तिने आणलेली वस्तू संध्येच्या ताम्हणात मावेल एवढी लहान नव्हती, पण पंचांगापेक्षा मोठीही नव्हती. आकड्यांचा वेगळा विभाग नाही, तार नाही. प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग असल्यामुळे कळ दाबली की बोटाला स्पष्ट ठोका लागे. त्यांतल्या मूळच्या स्प्रिंगा तिने काढून माझ्यासाठी हलक्या बसवल्या होत्या. कळांच्या टोप्याही बदलून त्यांवर ठळक देवनागरी अक्षरे उमटवून घेतली होती. डाव्या कोपऱ्यातली एक कळ धरून ठेवली की त्याच कळांवर अक्षरांऐवजी अवग्रह, दंड आणि वैदिक स्वरचिन्हे उमटत.

"बंद करायची कळ कोणती?" मी विचारले.

"तशी गरजच नाही, गुरुजी. दहा मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप झोपतो."

त्या दिवशी पाटीपूजन होते. मी कळफलक पाटीशेजारी ठेवला, त्याला गंध-फूल वाहिले. सिंधूने विचारले की आता याला नैवेद्य कोणता दाखवायचा. पण एकदा पूजेत बसलेली वस्तू माझ्या लेखी पोथ्यांच्या पंक्तीत आली. त्या दिवसापासून रोजचे काम संपले की मी तो दोन फणसाच्या फळ्यांमध्ये ठेवी, लाल रुमालात गुंडाळी आणि पोथी बांधावी तसा बांधी. गुरुजींनी आम्हाला सर्वांत आधी काही शिकवले असेल तर ते बांधणे. आमच्याकडची हवा दमट, सैल रुमालात पाने खाणारी कसर शिरते. ते गाठीला धरून बांधलेला बस्ता उचलीत. आतली फळी जराही सरकली तर बस्ता आमच्याकडे परत येई. मी अजून गुडघा टेकवून गाठ ओढतो.

आश्विनातले सगळे दिवस सुखाचे गेले. पोथीची पाने सुटी असतात म्हणून प्रत्येक पानासाठी मी वेगळी फाइल करी, रोज एक. जे लिहीन ते वैजयंतीला पुण्यात बसून पाहता येई. चुकलेले अक्षर दिसले की ती समासात खूण करी. भाऊबीजेला ती माहेरी आली तेव्हा मी तिच्याकडे एकच तक्रार केली. खोडण्याची कळ वर उजव्या कोपऱ्यात होती आणि माझी करंगळी तेथवर पोहोचली तरी ती कळत नसे.

"जुन्या पोथीत चुकलेल्या अक्षरावर काय लावायचे?" मी तिला विचारले.

"हरताळ. तो पिवळा रंग."

"मग मला हरताळ दे."

तिने दुसऱ्या दिवशी पिवळ्या रंगाची, इतर कळांहून बोटभर उंच अशी टोपी आणून त्या कळेवर बसवली. डोळे मिटूनही सापडे. मी प्रसन्न झालो. पाने जाऊ लागली ती त्यानंतर.

पहिल्या दिवशी मी स्वतःला दोष दिला. दुसऱ्या दिवशी वैजयंतीला फोन करून एवढेच सांगितले की कालचे पान दिसत नाही. मी पाहते, असे ती म्हणाली, आणि नंतर त्याबद्दल काहीच बोलली नाही. मी सकाळी गेलेले पान पुन्हा लिही, दुपारी पुढचे लिही, आणि दुसऱ्या सकाळी ते पुढचे गेलेले असे. नेहमीच जाई असेही नाही. तीन दिवस गेले की एखादे राही. मी एका वहीत तिथ्या मांडू लागलो. गेलेल्या पानापुढे रेघ आणि राहिलेल्यापुढे टिंब. वहीत जे दिसेल ते निदान दुसऱ्या दिवशी नाकारता येणार नव्हते. पण एका सकाळी मी वही उघडली आणि त्यातले अक्षरही क्षणभर मला परके वाटले.

घरचा नेम मी मोडला नव्हता. पाच वाजता लिहिणे थांबवी, कळफलक बांधी, पडद्यावर धूळ बसू नये म्हणून उपरणे टाकी आणि संध्येला जाई. लिहिलेले इंटरनेटवर चढेपर्यंत झाकण लावू नका, असे वैजयंतीने बजावले होते म्हणून ते दिवेलागणीला सिंधू लावी. हात दुखत असले की बांधण्याचे कामही तीच करी, आणि मेथीची जुडी बांधावी तसे बांधी. मी तिला त्यावरून दोनदा बोललो. ती म्हणाली, "पोथी नाही ती. पळून जायची नाही."

त्या सकाळी, एकसष्टावे पान गेले तेव्हा, मी वही घेऊन बराच वेळ बसलो. दोनच गोष्टी संभवत होत्या. एक तर मी पाने लिहीतच नव्हतो आणि लिहिली असे मला वाटत होते. नाही तर मी लिहीत होतो आणि ती कोणी पुसत होते. माझ्याखेरीज त्या पानांपर्यंत एकाच व्यक्तीचा हात पोहोचत होता, आणि ती भाऊबीजेला येऊन गेल्यापासूनच हे सुरू झाले होते. तिने असे का करावे याचे कारणही मी शोधून काढले. माझ्या लेखनात आता इतक्या चुका होत असतील की खुणा करायला समास पुरत नसेल. तोंडावर सांगायला ती धजत नसेल, म्हणून पानच पुसून मला ते पुन्हा लिहायला लावीत असेल. हे कारण मला पटले होते की मला ते हवे होते, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही.

दुपारी मी फोन लावला.

"वैजयंती, माझ्या पानांत चुका होत्या तर सांगायचे होतेस. पुसायची काय गरज होती?"

पलीकडची कळांची खटखट थांबली.

"मी विचारतो आहे. पाने तू पुसतेस का?"

"हो, गुरुजी," ती म्हणाली. "माझ्याकडूनच पुसली गेली."

मला राग यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर. आधी जे आले ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. मला बरे वाटले. इतके, की मी भिंतीला टेकलो. माझे डोके जागेवर होते. मग मी पुष्कळ बोललो. ज्या पोथीसाठी गुरुजी दोनदा रिकाम्या हाताने परतले तिच्याशी हा खेळ, आणि तोही माझ्याच पडवीत अक्षर शिकलेल्या हाताने, असे काहीबाही. या कामाला आता तुझा हात नको, असे सांगून मी फोन ठेवला. तासाभराने तिचा निरोप आला की तिने आपला प्रवेश काढून घेतला आहे आणि यापुढे ती पाने माझ्याखेरीज कोणालाही दिसणार नाहीत.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी उठून उपरणे काढले. बासष्टावे पान कोरे होते.

त्यानंतरच्या दोन दिवसांविषयी मला फारसे आठवत नाही आणि त्याचीच तेव्हा भीती वाटली होती. तिसऱ्या दिवशी मी केळशीच्या घराण्याला पत्र लिहायला घेतले. वार्धक्यामुळे स्वीकारलेले काम पुरे करण्यास असमर्थ आहे, पोथी सुखरूप आहे, कोणास तरी न्यावयास पाठवावे. पाच ओळींना एक तास लागला. पाकीट मी पंचांगाखाली ठेवले. सिंधूने ते पाहिले असणार.  तिने काय केले ते रविवारी सकाळी समजले, जेव्हा पुण्याच्या गाडीने आलेली वैजयंती आमच्या पडवीच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

ती आत येईना. मी ये म्हणेना. सिंधूनेच तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "वैजू, आत ये. यांचं आणि तुझं काय ते होईल, भात निवतो आहे."

जेवणानंतर वैजयंती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही रोज लिहिता तसं आज लिहाल का? मी मागे बसते. काही बोलणार नाही."

"चुका पाहायला?"

"नुसतं बसायला."

मी लिहू लागलो. त्रेसष्टावे पान. ती माझ्या पाठीमागे, लहानपणी जेथे बसे तेथेच, भिंतीशी पाय दुमडून बसली होती. पाच तास ती हलली नाही. तिची नजर पडद्यावर नसून माझ्या बोटांवर आहे, हे मला मान न वळवताही जाणवत होते. माझी करंगळी पिवळ्या कळेकडे गेली की तिचा श्वास अडे. एक अक्षर खोडून मी पुढे गेलो की पुन्हा सुरू होई. मला वाटले, ही माझ्या चुका मोजते आहे.

पाच वाजता अठरा ओळी पुऱ्या झाल्या. "झाले," मी म्हणालो.

"रोज एवढंच करता? यानंतर काही नाही?"

"यानंतर संध्या."

मी लाल रुमाल पसरला. त्यावर फळी, फळीवर कळफलक, त्यावर दुसरी फळी. चारही पदर घेतले, गुडघा टेकवला आणि गाठ ओढली. गाठीला धरून बस्ता उचलून पाहिला. फळी सरकली नाही. बस्ता कोनाड्यात ठेवून मी उपरणे हातात घेतले.

"गुरुजी, थांबा," ती म्हणाली. "उपरणं नका टाकू."

पडद्यावर अठरावी ओळ शेवटाकडून कमी होत होती. घरात कोणी कशालाही हात लावलेला नव्हता. एकेक अक्षर मागच्या मागे जात होते, घाईने नव्हे पण न थांबता. अठरावी संपली, सतरावी सुरू झाली. मी लिहिताना ज्या लांबलचक सामासिक शब्दाशी अर्धा तास अडलो होतो तो पापणी लवेपर्यंत नाहीसा झाला. सिंधू हात पुसत आली आणि तीही उभी राहिली. अखेर डोक्यावरचा पानाचा आकडा गेला आणि ती उभी रेघ लुकलुकत राहिली.

वैजयंतीने कोनाड्यातून बस्ता काढला. गाठ तिला सुटेना, नखे लावूनही नाही. मीच ती सोडवली. वरच्या फळीच्या आतल्या अंगाला, उजव्या कोपऱ्यात, एक छोटा चौकोनी पिवळसर डाग पडला होता. बाकी कळा फळीपासून खाली होत्या. तेवढी एकच उंच होती.

"दाबलेली कळ झोपत नाही," ती हलकेच म्हणाली. "हे माझ्या लक्षातच आलं नाही. मीच उंच बसवली."

"मी बांधलं त्या दिवशी पान जात नसेल बघा," सिंधू म्हणाली. "माझी गाठ सैल ना. दोनदा ऐकून घेतलंय मी त्यावरून."

मी वही आणली. ज्या तिथ्यांपुढे टिंबे होती त्या तिथ्यांना माझे हात दुखत होते.

सिंधू हसू लागली, मग मी हसलो. वैजयंतीही हसली, पण मधेच तिने ओढणी तोंडाला लावली आणि ती बराच वेळ काढली नाही. तेव्हा कोठे मला विचारायचे सुचले.

"वैजयंती, पाने तू पुसली नव्हतीस."

"नाही."

"मग हो का म्हणालीस?"

 ती लॅपटॉपसमोर बसली, काही ठिकाणी दाबले, आणि पडद्याच्या कडेला एक लांब यादी आली. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय लिहिले आणि काय पुसले, ते सारे यंत्राने नोंदून ठेवले होते. गेलेले प्रत्येक पान तेथे होते. प्रत्येक पुसण्यापुढे पाच वाजून काही मिनिटे अशी वेळ होती, आणि वेळेपुढे नाव माझे होते.

"हे तू केव्हा पाहिलेस?"

"तुम्ही पहिल्यांदा फोन केलात ना, त्याच दिवशी."

"मला का नाही सांगितलेस?"

ती पडद्याकडेच पाहत राहिली. "मी सातवीत असताना दादाशास्त्री मला रोज नव्यानं नाव विचारायचे, गुरुजी. मी सांगायची. तेव्हा तुम्ही दाराशी उभे असायचात. तुमचा चेहरा मी पाहिलाय."

तिने पडद्यावरची यादी बंद केली.

"मी हो म्हणाले, तेव्हा फोनवर तुम्ही श्वास सोडलात. मला तो ऐकू आला. मग म्हटलं, राहू दे तसंच."

मी तिला जे जे बोललो होतो ते तिने त्यानंतर ऐकले होते.  मी उठलो, पंचांगाखालचे पाकीट काढून सिंधूच्या हाती दिले आणि चुलीत टाकायला सांगितले. घरात चूल उरलेली नाही, गॅस आहे, हे तिने मला बजावले आणि ते फाडून टाकले.

गेलेले पान पुन्हा लिहावे लागेना, म्हणून सकाळी एक आणि दुपारी एक अशी दिवसाला दोन पाने होऊ लागली. पौषात, संक्रांतीला चार दिवस असताना, एकशे बारावे पान आले. वैजयंती त्यासाठी रजा घेऊन आली होती. पोथीच्या अखेरीस लेखकू, म्हणजे नक्कल करणारा, आपले नाव, गाव आणि तिथी लिहितो, आणि मग पोथीच्या वतीने वाचणाऱ्याला विनंती करतो. मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकूनेही हेच लिहिले होते. ते मी जसेच्या तसे उतरवले. मग खाली नकलेची तिथी घातली, माझ्या नावाआधी तिचे नाव घातले, आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली.

ती मागून वाचत होती. "गुरुजी, अति घट्ट बांधणीपासून जपा, हे मूळ पोथीत नाही."

"नाही."

"आणि माझं नाव आधी कसं? खोडू का?" तिचा हात पिवळ्या कळेकडे आला होता.

"मूर्खाच्या हाताविषयी वर लिहिले आहे," मी म्हणालो. "त्या ओळीत मी बदल केलेला नाही."

तिने हात मागे घेतला. पाच वाजले होते. मी रुमाल पसरला, फळ्या मांडल्या, आणि गाठ मारण्यासाठी सिंधूला हाक मारली.